मोठेबाबा, तो आवाज मी नव्हता काढला

मोठेबाबा, तुमची थाळी आली.

तेरवी होऊन चौथा दिवस होता. गच्चीवर पाहुण्यांच्या चादरी वाळत होत्या आणि तुमचा फोन वाजला. हो, तुमचाच. मोठीआई अजून त्याले रोज चार्जिंगले लावते. काहून, ते मी विचारत नाही. मी उचलला. तिकडून कुरिअरवाला: "वसंतरावजी बोल रहे हैं? सर, घर पे हो?"

आता माझी सवय तुमाले माहीत आहे. समोरचा ज्याले शोधून राहिला, त्याच्याच आवाजात माझं तोंड उघडते. डोकं मागून पायी पायी येते. बोलून गेलो मी, तुमच्या त्या नाकातल्या खर्जात: "हव भाई, घर पे ही हूं. जाऊंगा कहां?"

स्वयंपाकघरात पळी पडली.

मोठीआई दारात आली. एका सेकंदापुरती ती खरंच तुमाले पाहाले आली होती. मंग तिले मी दिसलो. तिनं पळी उचलली, धुतली, आणि भाजी हलवत बसली, जी कधीचीच शिजली होती. मी तिथेच कान पकडले. मंत्र्याचा काढीन, कुकरचा काढीन, स्टेशनवरच्या अनाउन्सरबाईचा काढीन, तुमचा आवाज आता नाही.

पण कुरिअरवाल्याले ओटीपी लागतच होता, आणि ओटीपी तुमच्याच फोनवर. म्हणजे पाहा, रेल्वेतून रिटायर झाले, जगातून रिटायर झाले, तरी सही तुमचीच लागते.

खोका उघडला. मले अजूनही थोडी आशा होती, का तुम्ही शेवटी माझं ऐकून मोठी थाळी मागवली असेल. निघाली पुरीएवढी! धातू शोधाच्या मशीनच्या दांडीले खाली लागते ती चकती, जी जमिनीवरून फिरवली का खालचा धातू टूं करून ओरडते. वेबसाइटवाले तिले सर्च कॉइल म्हणते, तुम्ही थाळी म्हणत होते. हे मी तुमालेच सांगून राहिलो! काय दिवस आले.

किती भांडलो आपण त्या थाळीवरून. मी म्हणत होतो, मोठी घ्या, खोल पाहते. तुम्ही म्हणत होते, "खोल पाहते, पण बारीक नाही पाहत. आणि शेजारचा सगळा कचरा एकाच वेळी ऐकवते. मोठी थाळी म्हणजे जास्त जेवण नाही बे नकल्या, जास्त उष्टं."

नकल्या. माझं खरं नाव तुम्ही शेवटचं कधी घेतलं? डोंगरगडहून मी कॉलेजसाठी रायपूरले तुमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी राहाले आलो, पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंची नक्कल केली आणि काकू मागंच उभ्या होत्या. तेव्हापासून मी नकल्या. कॉलेज संपलं, लोकांच्या लग्नांत स्टेजवर नकला कराले माईक हातात आला, पण घरात माझं पद तेच: तुमच्या मागं खुरपी घेऊन चालाचं.

आपल्या पाऱ्यात, अख्ख्या मोहल्ल्यात, कोणाचं काही हरवलं का लोक तुमालेच बोलवत. गार्डनमध्ये पडलेली चावी, अंगणात गेलेलं जोडवं, वाळूच्या ढिगात घुसलेली अंगठी. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून निघत, जसं का ड्यूटीच आहे. सिग्नल खात्यात आयुष्य काढलेला माणूस, तुमाले घंटी वाजल्याशिवाय करमत नव्हतं. आणि नियम एकच: वस्तू मालकाच्या हातात, चहा आपल्या पोटात.

मले तुम्ही कानासाठी ठेवलं होतं. आपल्याकडची लाल मुरमाची जमीन, तिच्यात लोखंडच लोखंड, मशीन उगाचच कुरकुर करते. त्याच्यात गुटख्याच्या पाऊचची पन्नी आणि बारीक सोनं, दोघं जवळपास एकाच आवाजात बोलते. तुमाले फरक कमी ऐकू येत होता, मले साफ येते. पन्नीचा आवाज कडेनं फाटते, डावीकडून वेगळा, उजवीकडून वेगळा. सोन्याचा गोल असते, कुठूनही या, तोच. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं पाह्यलं होतं, जसं का घरातल्या बकरीनं पेपर वाचला.

"तुझे कान चांगले आहेत बे," तुम्ही म्हणाले. "तोंड वाईट आहे."

मोठेबाबा, सगळं त्याच तोंडानं केलं.

मागच्या कार्तिकातली आवळा नवमी. साहूजींच्या बगीच्यात, खारून नदीच्या अंगानं, आवळ्याखाली जेवाले दरसालसारखे आपण गेलो. मोठीआईनं झाडाले सूत गुंडाळलं, प्रदक्षिणा घातल्या, तुमाले तीनदा वाढलं आणि मले 'तू आपल्या हातानं घे' म्हटलं. संध्याकाळी घरी येऊन लुगडं बदलताना तिचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. डोरलं नव्हतं. काळ्या मण्यांतल्या दोन सोन्याच्या वाट्या, तुमच्या लग्नातल्या.

ती पलंगावर बसली. रडली नाही. "हे बरं नाही झालं जी," एवढंच म्हणाली. दोनदा.

तुम्ही चपला शोधून राहिले होते. "अवं, मशीन कशाले आहे? कोणाले सांगू नको. उद्या काढून आणतो." असं म्हणाले जसं का डोरलं फ्रीजमध्ये ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी स्कूटर मी चालवत होतो आणि तुम्ही मागं मशीन बंदुकीसारखं धरून बसले होते. महादेव घाटाच्या रस्त्यावर ट्रॅफिकवाल्यानं थांबवलं, "चाचा, ये क्या है?" तुम्ही चेहरा न हलवता म्हणाले, "मच्छर मारने का." तो सॅल्यूट मारता मारता राहिला. मी घाटापर्यंत हसत होतो. त्या दिवसातली तेवढीच चांगली गोष्ट.

बगीच्यात काय हाल होते. आदल्या दिवशी अर्धं रायपूर जेवून गेलं असेल. पाऊच, बाटल्यांची झाकणं, चिप्सच्या पन्न्या. मशीन थांबतच नव्हतं. तुम्ही फिरवाचं, मी खोदाचं, पन्नी. फिरवा, खोदा, झाकण. तुम्ही खिशातून कुल्फीच्या काड्या काढून शंकेच्या जागी खोचत होते, तुमच्या सिग्नल खात्याच्या पद्धतीनं, 'नंतर तपासणी'. दुपार झाली. माझी कंबर गेली. आणि मले सुचलं.

"टूं," मी केलं. तोंड बंद ठेवून, घशातून. तुमच्या मशीनसारखं हुबेहूब.

तुम्ही थांबले. "खोद."

मी खोदलं. काही नाही. पाच मिनिटांनी परत. तुम्ही परत थांबले, गुडघ्यावर बसले, बोटानं माती चाळली. तिसऱ्यांदा मात्र माझं हसू बाहेर पडलं.

तुम्ही मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही चष्मा पुसला आणि म्हणाले, "तिकडे ती बाई सकाळपासून पाणी पिली नाही, आणि तू तमाशा करून राहिला."

मी मान खाली घातली. खरंच घातली होती. आणि मंग दहा मिनिटांनी, आवळ्याच्या नदीकडच्या अंगाले, सुताच्या गाठीपासून तीनेक पावलांवर, आला. टूं. बारीक. गोल. थाळी गेली तेव्हाही तोच, आली तेव्हाही तोच.

तुम्ही वळले. "नकल्या, आता मार खाशील."

"मी नाही! मशीन होतं!"

"चूप."

"देवाशपथ, मोठेबाबा!"

"तुझ्या देवालेही तुझा आवाज ओळखू येत नसेल." आणि तुम्ही पुढं निघून गेले.

मले असा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, आणि त्याची ही किंमत! खुरपी फेकली आणि स्कूटरवर जाऊन पाठ करून बसलो. उन्हं उतरली, साहूजींचा चौकीदार गेट लावाले आला, तेव्हा कुठं तुम्ही आले. घरापर्यंत मी मुद्दाम एकही खड्डा चुकवला नाही.

मंग तुम्ही ते केलं जे तुमालेच सुचू शकते. मोठीआईले घेऊन गोल बाजारात गेले आणि तस्संच नकली डोरलं आणलं. "सध्या हे घाल. खरं जमिनीत सेफ आहे. नवी छोटी थाळी मागवली आहे, आली का जाऊ." आपल्या तिघांशिवाय कोणालेच माहीत नव्हतं. आणि थाळी कुठं अडकली होती देवाले माहीत, तुम्ही रोज फोनवर पाहत, "निघाली आहे म्हणते." त्याच्यात थंडी आली, तुमचा दम वाढला.

मी दर दोन-चार दिवसांनी तेच काढत होतो.

"तो मी नव्हतो."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. थाळी येऊ दे."

एकदाही तुम्ही 'हो' म्हणाले नाही. एकदाही. औषधं घेतानासुद्धा नाही.

मंग माघातली ती सकाळ. ती मी सांगत नाही, तुम्ही तिथेच होते.

त्या दिवशी बायांनी मोठीआईच्या गळ्यातलं ते नकली डोरलं काढून तुमच्यासोबत ठेवलं. कोणाले काही समजलं नाही, वाट्या चमकत होत्या. मोठीआई मात्र त्याच्याकडेच पाहत होती, तुमच्याकडे नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती आणि मी बाजूले, तेव्हा हळूच म्हणाली, "नकल्या, मी त्याइले खोटं घालून धाडलं रे."

"असं काही नसते, मोठीआई."

"हरवलं तवाच मले समजाले पाहिजे होतं. माह्याच्यानं झालं." आणि एक खडा काढून बाजूले ठेवला.

मले म्हणाचं होतं, मोठीआई, तुमच्याच्यानं काही नाही झालं. झालं असेल तर माझ्याच्यानं. डोरलं तिथेच होतं, मशीन ओरडलं होतं, आणि त्याच्या आवाजाची किंमत मी घालवली होती. पण नाही बोललो. सगळ्या जगाचे आवाज काढणारा मी, स्वतःचा नाही निघाला. तेव्हापासून ती अर्धी भाकर खात होती. आली-गेली कोणी बोलली का नुसती मान हलवत होती. डॉक्टर म्हणे अशक्तपणा. मले माहीत होतं कशाचा.

म्हणून थाळी आली त्याच दुपारी मी ती लावली. तुम्ही शिकवलं तसंच: आधी वायर दांडीले सैल गुंडाळाची, ताणाची नाही. मंग थाळी जमिनीजवळ वर-खाली, वर-खाली, मशीनची कुरकुर थांबेपर्यंत. 'नव्या साहेबाले स्टेशन दाखवतात तसं, जमिनीची ओळख करून दे.' मागच्या अंगणात चार कुंड्या मांडल्या. एकीत खिळा, एकीत पाऊचची पन्नी, एकीत झाकण. चौथीत सोनं पाहिजे होतं.

मोठीआई दारातून पाहत होती. काही न विचारता तिनं कानातलं एक काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "हरवू नको म्हणजे झालं," ती म्हणाली. तुम्ही गेल्यावर तिनं टाकलेला पहिला टोमणा. मी कुंडीत पुरलं आणि पुरीएवढी थाळी फिरवली.

मोठेबाबा, काय आवाज आला! जुनी थाळी म्हणजे गोल बाजारात सणाच्या दिवशी कोणाशी बोलणं. ही म्हणजे कोणी कानापाशी येऊन नाव घेतलं. चारही कुंड्या एकमेकीले चिकटवल्या तरी चारही वेगळ्या बोलल्या. मी तिथेच म्हटलं, जाऊ द्या, थाळीचं भांडण तुम्ही जिंकले. पण मोठ्यानं नाही म्हटलं. तुमच्यासारखंच: "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच गेलो. मोठीआईले सव्वा महिना घराबाहेर पडाचं नव्हतं. साहूजींच्या चौकीदारानं मले ओळखलं. "चाचा नइ आइन?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नहीं भैया, इस बार मैं अकेला." त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाह्यलं, मंग मशीनकडे, आणि गेट पूर्ण उघडलं, जसं तुमच्यासाठी उघडत होता.

आवळ्याचं सूत काळं पडलं होतं, गाठ मात्र दिसत होती. नदीकडच्या अंगानं तीन पावलं मोजली. पाला खूप पडला होता. थाळी खाली नेता यावी म्हणून पायानं सारला.

आणि खाली कुल्फीची काडी होती.

पावसाचे दोन शिंतोडे, थंडी, सगळं खाऊन करडी झालेली, वाकडी, पण खोचलेली. सरळ तिथेच. त्याच जागी.

मी मशीन खाली ठेवून दिलं, मोठेबाबा. बसलो. म्हणजे मी तिकडे स्कूटरवर पाठ करून फुगून बसलो होतो, तेव्हा तुम्ही परत आले होते. त्याच जागी वाकले होते, त्या गुडघ्यानं. 'नंतर तपासणी'. जुन्या थाळीनं कचऱ्यात नेमकी जागा सापडली नसेल, उजेड गेला असेल, चौकीदार आला असेल. का माझ्यासमोर खोदलं आणि पन्नीच निघाली तर हा हसेल, असं वाटलं असेल? हसलो असतो. खोटं काहून बोलू. पण तुम्ही काडी लावली. माझ्या शब्दावर. आणि घरी येऊन तीन महिने 'बरं, बरं' करत राहिले! एवढा पक्का सिग्नलवाला माणूस, हिरवा दिवा दाखवून वरून टोपीनं झाकून बसला.

मले किती हलकं वाटलं सांगता येत नाही. अजून काही खोदलंही नव्हतं. डोरलं नसतं निघालं तरी मी त्या दिवशी शिट्टी वाजवत घरी आलो असतो.

मंग उठलो. काडी काढून खिशात ठेवली. थाळी फिरवली. टूं. गोल. इकडून तोच, तिकडून तोच. बाजूले दोन पन्न्या खरखरत होत्या, त्याइले म्हटलं तुम्ही चूप राहा. खुरपीनं वीतभर लांबून सुरू केलं, तुम्ही सांगत तसं, वस्तूवर कधी घाव घालाचा नाही. चार बोटं माती गेली आणि मुळाच्या खोबणीत पहिला काळा मणी दिसला.

दोर तुटला होता. पण दोन्ही वाट्या होत्या, लाल मातीनं गच्च भरलेल्या. मी रुमालात बांधलं आणि घरी येताना एक एक खड्डा चुकवला.

मोठीआई ओट्यापाशी होती. मी रुमाल उघडला. तिनं हात पुसले, परत पुसले, मंग घेतलं. नळाखाली वाट्या धुतल्या, आतली माती काडीपेटीच्या काडीनं काढली. एकीच्या कडेले पोचा होता, तो बोटानं चाचपला. "हेच," ती म्हणाली. "हा पोचा त्याइनंच पाडला होता, नवं नवं लग्न झालं तवा. कपाटाच्या दारात अडकवून."

मंग ती तुमच्या फोटोपुढे गेली आणि डोरलं ठेवलं. जसं ताट वाढते तसं. "घ्या जी. ते राहू द्या. हे खरं."

एवढंच. आणि तिथेच पाटावर बसून ती रडली, मोठेबाबा. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा अशी मोकळी. मी पाणी आणलं. मंग तिले सगळं सांगितलं. माझे तीन खोटे टूं, तुमचा चष्मा, चौथा खरा टूं, आणि काडी. काडी खिशातून काढून दाखवली. मले वाटलं ती चिडेल.

ती काडी उलटून-पालटून पाहत राहिली. "तुले नसतं सांगितलं त्याइनं," ती म्हणाली. "तू डोक्यावर चढून नाचला असता."

"मी नाचलोच असतो."

"हव. म्हणूनच." तिनं नाक पुसलं. मंग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बोल."

"काय?"

"त्याइच्या आवाजात. काल बोलला ना फोनवर. आज काय म्हटलं असतं त्याइनं?"

मी कान पकडले होते, माहीत आहे. पण तिनं सांगितलं म्हणून. मी चष्मा पुसल्यासारखं केलं, नाकात खर्ज आणला आणि म्हटलं, "मी सांगत नव्हतो? थाळी छोटीच पाहिजे."

ती हसली. आधी पदराआड, मंग पदर सोडून. आणि मले नाही, तुमाले, तुमच्या फोटोकडे पाहून, नेहमीच्या त्या वैतागलेल्या सुरात म्हणाली, "हो बाप्पा, तुमचंच खरं!" आणि दुपारी दोन भाकरी खाल्ल्या. दुसरीवर तूप मागून घेतलं.

तर हिशोब असा आहे, मोठेबाबा. थाळीचं भांडण तुमचं, आवाजाचं माझं. बरोबरी. काल शेजारच्या सुनेचं जोडवं अंगणात पडलं, मले बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घातला. वस्तू मालकिणीच्या हातात, चहा माझ्या पोटात. कुल्फीच्या काड्या जमवून राहिलो, पोट बिघडलं आहे त्याच्यानं.

ती काडी पाकिटात आहे. तुम्ही कधी 'हो' म्हणाले नाही, पण मले लेखी मिळालं.

आणि जाता जाता, तुमच्या फोटोपुढे, घशातून, तोंड बंद ठेवून:

टूं.

हा मात्र मीच होतो.